सरकत्या पट्ट्यावरून विमान उडेल का?

निवांत वाचक (प्रश्न)

गेल्या रविवारी जेवणे आटोपल्यावर आमच्या घरी एका प्रश्नावरून वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही, म्हणून येथे मांडत आहे. समजा, धावपट्टीच्या जागी तेवढ्याच लांबीरुंदीचा एक सरकता पट्टा बसवला आहे. विमान ज्या वेगाने पुढे जाईल, अगदी त्याच वेगाने हा पट्टा मागे सरकत राहतो. अशा पट्ट्यावरून विमान हवेत उडेल का?

माझे मत असे की उडणार नाही. व्यायामशाळेत ट्रेडमिलवर माणूस तासभर धावला तरी त्याच्या तोंडावर वारा लागत नाही. घामाने निथळतो आणि शेवटी भिंतीवरचा पंखा लावावा लागतो. विमानाला उचल मिळते ती पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे. विमान जागच्या जागीच राहिले, तर पंखांवरून हवा वाहणार कशी? शिवाय असे जागेवरून उडता येत असते, तर जगभर तीन-तीन किलोमीटरच्या धावपट्ट्या बांधण्याचा खर्च कोणी कशाला केला असता? माझे मेहुणे मात्र 'उडणारच' यावर ठाम आहेत, आणि अकरावीत विज्ञान शिकणारी माझी मुलगीही मामाच्या बाजूला गेली आहे. जाणकारांनी खुलासा करावा.

हँगरवाला

आपला युक्तिवाद एका ठिकाणापर्यंत अगदी बरोबर आहे. पंखांवरून हवा वाहिली नाही, तर विमान उडणार नाही, हे निर्विवाद आहे. चूक आहे ती 'विमान जागच्या जागी राहील' हे गृहीत धरण्यात.

ट्रेडमिलवरचा माणूस पायाने पट्ट्याला मागे रेटतो, म्हणून पट्ट्याने त्याची सगळी मेहनत खाऊन टाकली तर तो तेथेच राहतो. मोटारगाडीचेही तसेच आहे, कारण तिचे इंजिन चाकांना फिरवते आणि चाके रस्त्याला ढकलतात. विमानात इंजिनापासून चाकांपर्यंत जाणारा शाफ्टही नसतो आणि गिअरबॉक्सही नसतो. इंजिन हवेला मागे फेकते आणि त्या प्रतिक्रियेने विमान पुढे जाते. चाके फक्त भार पेलतात आणि मोकळी फिरतात. मी विमानांच्या देखभालीच्या कामात आहे. विमान जॅकवर उचलून चाक बदलले की ते हाताने फिरवून पाहणे हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. अठ्ठ्याहत्तर टनांच्या विमानाचे ते चाक एक माणूस एका हाताने फिरवतो. अशा चाकाच्या खालून पट्टा मागे ओढला, तर चाक अधिक जोरात फिरेल, एवढेच.

आता आकडे पाहू. एअरबस ए३२० चे कमाल उड्डाण-वजन सुमारे ७८ टन असते आणि तिच्या दोन इंजिनांचा एकत्रित रेटा सुमारे २४ टन भाराइतका असतो. चाके फिरताना होणारे घर्षण वजनाच्या दीड टक्का धरले, तर ते जेमतेम १.२ टन भरते, आणि पट्टा कितीही वेगाने मागे गेला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. चोवीस टनांपुढे सव्वा टनाची काय कथा! विमान पुढे जाईल, वेग घेईल आणि साधारण नेहमीइतकेच अंतर धावून उडेल. धावपट्ट्या लांब का बांधतात, याचे उत्तरही यातच आहे: पट्टा असला तरी तेवढीच लांबी लागणार.

एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाही. उड्डाणाच्या वेळी विमानाचा वेग ताशी २७० किलोमीटर असेल आणि पट्टाही मागे तितक्याच वेगाने जात असेल, तर चाके ताशी ५४० किलोमीटर वेगाच्या हिशेबाने फिरतील. या विमानाच्या टायरची मर्यादा ताशी २२५ मैल, म्हणजे सुमारे ३६२ किलोमीटर आहे. तेव्हा तत्त्वतः विमान उडेल हे खरे, पण टायरांची जबाबदारी मी घेणार नाही.

शंकासुर

हँगरवाल्यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु त्यांनी प्रश्नाचे सोपे रूप निवडले आहे. मी हा प्रश्न ऐकला तो असा: 'पट्ट्याचा वेग नेहमी चाकांच्या वेगाइतका असतो.' येथे चाकांचा वेग म्हणजे चाकाच्या परिघाचा वेग धरला, तर विमान हलूच शकत नाही. कारण ते किंचित जरी पुढे सरकले, तरी चाकाचा वेग पट्ट्यापेक्षा तेवढ्याने वाढतो आणि अट मोडते. २००८ साली मिथबस्टर्स या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात ताडपत्रीसारखे लांबलचक कापड पिकअप गाडीने एका दिशेने ओढले आणि त्यावरून एक छोटे अल्ट्रालाइट विमान विरुद्ध दिशेने उडवून दाखवले, हे मला ठाऊक आहे. पण त्या प्रयोगात ही कडक अट पाळलेली नव्हती, त्यामुळे तो माझ्या प्रश्नाचे उत्तर ठरत नाही.

त्रैराशिक

शंकासुर यांचा आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या मते या विषयावरची निम्मी भांडणे विज्ञानावरून नसून प्रश्नाच्या शब्दांवरून होतात. मूळ धाग्यात 'विमानाचा वेग' असे लिहिलेले आहे. त्या रूपात विमान उडते आणि वाद संपतो. 'चाकाचा वेग' म्हटले, की प्रश्न विमानाचा न राहता पट्ट्याचा होतो.

या दुसऱ्या रूपात विमान रोखून धरायचे असेल, तर पट्ट्याने त्याला चोवीस टनांच्या जोराने मागे ओढले पाहिजे. साध्या घर्षणातून एवढा जोर येत नाही, हे वर आलेच आहे. एकच मार्ग उरतो. चाकाला वस्तुमान असते, त्यामुळे त्याच्या फिरण्याचा वेग वाढवायला जोर लावावा लागतो, आणि पट्टा सतत वेग वाढवत राहिला तर हा जोर आसावर मागच्या दिशेने येत राहतो. सहाही चाकांचे फिरणारे वस्तुमान मिळून एक टन धरू आणि त्यातले सगळेच परिघावर नसल्याने परिणामी ७५० किलो धरू. मग २४ टनांचा रेटा थोपवायला पट्ट्याचा वेग दर सेकंदाला सुमारे ३२० मीटर प्रति सेकंद इतका वाढत राहिला पाहिजे. म्हणजे पहिल्या सेकंदाअखेर पट्टा ताशी सुमारे ११५० किलोमीटरवर, ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचलेला असेल. हँगरवाल्यांनी सांगितलेली टायरची मर्यादा पहिल्या सेकंदाच्या एक-तृतीयांशातच ओलांडली जाईल. दहाव्या सेकंदाची गोष्ट करण्यात अर्थ नाही.

आणखी एक गंमत अशी की एवढ्या वेगाने मागे जाणारा पट्टा आपल्या पृष्ठभागालगतची हवाही मागे ओढेल, आणि ती हवा विमानाला समोरून येणाऱ्या वाऱ्यासारखी लागेल. विमानाला अडवण्यासाठी बसवलेला पट्टाच त्याच्या पंखांना थोडीफार मदत करू लागेल!

खटपट्या

वरचा हिशोब वाचून मला स्वस्थ बसवेना. आमच्या इमारतीच्या व्यायामशाळेत ट्रेडमिल आहे. मुलाची एक रोलर स्केट घेतली, तिच्यावर दोन किलो गव्हाच्या पिठाची पिशवी घट्ट बांधली, पुढे दोरी लावली आणि दोरीचे दुसरे टोक तानकाट्याला अडकवून तो ट्रेडमिलच्या दांड्याला टांगला. पहिल्याच फेरीत काट्याने १२० ग्रॅम दाखवले, तेव्हा घर्षण बरेच आहे असे वाटून मी थोडा खट्टू झालो. नंतर लक्षात आले की यंत्राचा चढ दोन टक्क्यांवर ठेवलेला होता, म्हणजे पन्नासेक ग्रॅम तर निव्वळ चढाचेच होते. चढ शून्यावर आणल्यावर ताशी तीन किलोमीटरला काटा ६५ ग्रॅमवर स्थिरावला. ताशी आठला स्केट खडखडू लागली, काटा थरथरू लागला, पण सत्तरच्या आसपासच राहिला. पट्ट्याचा वेग अडीचपटीहून अधिक वाढला आणि ओढ मात्र जवळपास तेवढीच! नंतर दोरी हाताने गुंडाळत स्केट पुढे ओढली, तर ती सहज पुढे आली. पीठ थोडे सांडले. ते पुसून काढेपर्यंत मागे दोन जण रांगेत उभे होते.

निवांत वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोरीचा प्रयोग वाचताच माझी चूक मला कळली. मी विमानाला पाय असल्यासारखा विचार करत होतो. मेहुण्यांना फोन करून हार मान्य केली आहे. मुलीने मात्र नवीनच प्रश्न काढला आहे: पट्टा उलट दिशेने, म्हणजे विमान जाणार त्याच दिशेने फिरवला, तर धावपट्टी आखूड करता येईल का?

हँगरवाला

चाके मोकळी ठेवली तर नाही. पट्टा चाकांखालून पुढे निघून जाईल आणि विमानाला फारसा पत्ताही लागणार नाही. टायर कमी झिजतील, एवढाच लाभ. पण ब्रेक दाबून धरले, तर चाके पट्ट्याला चिकटून राहतील आणि पट्टा विमानाला घेऊनच पुढे जाईल. मग तो गलोलीसारखा उपयोगी पडेल. काही देशांच्या विमानवाहू जहाजांवर कॅटापल्ट असते, तेही विमानालाच धरून ओढते, त्याच्या खालच्या डेकला नव्हे. आपल्या 'विक्रांत'वर कॅटापल्ट नाही. २६२ मीटर लांबीच्या त्या जहाजावर विमाने पुढच्या उंचावलेल्या टोकावरून उडतात, आणि उड्डाणाच्या वेळी जहाज स्वतः वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वेगात चालवले जाते. जहाजाच्या वेगाने डेकवरून खरोखरच वारा वाहतो आणि तो पंखांना लागतो, म्हणून तिथे धावण्याचे अंतर वाचते. मुलीला सांगा की पट्ट्याऐवजी तिने जहाज मागावे.