ठिपका सारखाच गडद दिसला म्हणून औषध पूर्ण?

काही जण म्हणतात की पातळ थर क्रोमॅटोग्राफीत (सिलिकाचा थर दिलेल्या प्लेटवर द्रावक चढवून औषध तपासण्याची पद्धत) पॅरासिटॅमॉलच्या गोळीचा आणि संदर्भ नमुन्याचा, म्हणजे शुद्ध औषधाचा, ठिपका सारखाच गडद दिसला, म्हणजे मात्रा बरोबर. घाई होतेय. द्रावण घट्ट असेल तर पूर्ण मात्रेच्या ८० टक्के आणि १०० टक्के, दोन्ही ठिपके सारखेच काळे दिसतात.

२० गोळ्या वजन करून बारीक कुटा. ५०० मिग्रॅच्या गोळीचं सरासरी वजन ५८० मिग्रॅ भरलं, तर ५८ मिग्रॅ भुकटीत ५० मिग्रॅ औषध. ती ५० मिली मेथॅनॉलमध्ये नीट हलवून गाळा. गोळीतला स्टार्च विरघळत नाही, त्यामुळे गाळण्याआधी गढूळपणा राहणारच. गाळलेल्यातले ५ मिली घेऊन मेथॅनॉलने २५ मिली करा. २ मायक्रोलिटरच्या ठिपक्यात ०.४ मायक्रोग्रॅम येईल.

त्याच सिलिका प्लेटवर (एफ२५४, म्हणजे २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात चमकणारी; औषध तिथे काळं दिसतं) शुद्ध औषधाचे १०० आणि ८० टक्क्यांचे ठिपके हवेतच, गोळीचा त्यांच्या मधोमध, कडेला नाही. खूण पेन्सिलनेच. ठिपका ३ मिमीपेक्षा पसरू देऊ नका आणि पूर्ण वाळल्यावरच प्लेट इथाइल अॅसिटेटमध्ये उभी करा. द्रावकाची पातळी ठिपक्यांच्या खालीच हवी, नाहीतर औषध तळातच धुऊन जातं.

२५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली गोळीचा ठिपका ८० टक्क्यांच्या ठिपक्यापेक्षा फिका दिसला तर नमुना संशयास्पद. नेमका आकडा मात्र डोळ्यांनी निघत नाही. त्याला डेन्सिटोमीटर (ठिपक्याचा गडदपणा मोजणारं यंत्र) लागतो, आणि तिथेही आलेख सरळ रेषेत येईलच असं नाही, म्हणून निदान चार-पाच प्रमाणित ठिपके त्याच प्लेटवर घ्या. हाताने ओढलेल्या काचेच्या नळीने ठिपक्यात जाणारं द्रावणाचं आकारमान दर वेळी बदलतं, म्हणून ठिपके द्यायला मायक्रोपिपेटच वापरा.