बेळगाव की कोल्हापूर? टाइप-ई प्रवेशाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. दहावी मराठी माध्यमातून, यंदा सेकंड पीयूसी (म्हणजे बारावी) सायन्स. केसीईटी (कर्नाटकची) आणि एमएचटी-सीईटी (महाराष्ट्राची) या दोन्ही प्रवेश परीक्षा दिल्यात. बाबांचं म्हणणं, बेळगावातच इंजिनिअरिंग कर, घरचा डबा तरी मिळेल. (डबा सकाळी सहाच्या बसला कोण देणार, ते आईला विचारा!) मला कोल्हापूरला जायचंय.

महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत आमचं गाव आहे, म्हणजे महाराष्ट्रात टाइप-ई मधून (सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठीचा प्रवेश-प्रकार) अर्ज करता येतो. पण मातृभाषा मराठी असल्याचा दाखला कुणाकडून घ्यायचा? तलाठ्यांनी दिलेला कागद सगळा कन्नडमध्ये आहे. तो तसाच चालतो, की मराठी भाषांतर जोडायचं?

यातून कुणी प्रवेश घेतला असेल तर प्लीज सांगा. आणि कॉलेज बघायला गेल्यावर फ्लेक्सवरचं प्लेसमेंट सोडून नेमकं काय विचारायचं?