मदत हवी आहे : 8 महिन्यांच्या जर्मन शेफर्डला रोज किती व्यायाम द्यावा?

आमचा जर्मन शेफर्ड 8 महिन्यांचा आहे. तो दिसायला जवळपास पूर्ण वाढलेला वाटत असला, तरी मोठ्या जातीच्या कुत्र्यांच्या हाडांची वाढ साधारण 12 ते 18 महिन्यांपर्यंत चालू राहते आणि तोवर सांध्यांवर अति ताण पडू देणे घातक ठरते, म्हणून त्याला किती चालवावे हा प्रश्न पडला आहे. वयाच्या प्रत्येक महिन्यामागे 5 मिनिटे हा प्रचलित हिशेब (ज्याला ठोस शास्त्रीय आधार नाही) धरला, तर एका फेरीला 40 मिनिटे होतात. परंतु मैदानात मोकळे हुंदडणेही त्यातच मोजायचे का?

सायकलसोबत पळवणे आणि उंचावरून उड्या मारू देणे आम्ही कटाक्षाने टाळतो. तरीही संध्याकाळी तो चपला पळवतो, सोफ्याची कड कुरतडतो. लपवलेला खाऊ वासाने शोधायला लावला की मात्र चालण्यापेक्षा लवकर शांत होतो, हे विशेष.

ज्यांनी मोठ्या जातीचे कुत्रे वाढवले आहे, त्यांनी चालणे, खेळ आणि प्रशिक्षण यांची विभागणी कशी केली, आणि फेरीचा वेळ कोणत्या वयापासून वाढवला? लंगडणे किंवा झोपून उठताना पाय आखडणे याखेरीज अतिश्रमाची कोणती लक्षणे पाहावीत, हेही कृपया सांगावे.