उत्तर: सगळे स्मिथ एकाच घराण्यातले?
वर कोणीतरी म्हटलंय की अमेरिकेतले सगळे स्मिथ मूळचे एकाच इंग्लिश घराण्यातले. अहो कसं शक्य आहे, स्मिथ म्हणजे लोहार, आणि इंग्लंडात गावोगाव लोहार होते, १३७९च्या पोल टॅक्सच्या (माणशी लावलेल्या कराच्या) याद्यांतच एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले ढीगभर स्मिथ सापडतात. अमेरिकेत तर अजून सरमिसळ, २०१०च्या जनगणनेत २४ लाखांवर स्मिथ आणि त्यातले साधारण २३ टक्के कृष्णवर्णीय, म्हणजे बहुतेक करून गुलामगिरीत किंवा १८६५ला ती संपल्यावर हे आडनाव लागलेल्यांचे वंशज. शिवाय पहिल्या महायुद्धात लोक जर्मनांवर खार खाऊन होते तेव्हा कितीतरी श्मिट (जर्मनमध्ये लोहार) आडनावाचे लोक गुपचूप स्मिथ झाले. आणि ते एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कजवळ बाहेरून आलेल्यांची तपासणी व्हायची तिथे, कारकुनाने नाव बदललं वगैरे निव्वळ थाप हो, तिथले लोक जहाज कंपनीच्या यादीवरूनच नावं तपासायचे.