एअर इंडिया नेमकी बुडवली कुणी? कर्मचाऱ्यांनी की सरकारने?

सातरस्ता:
मी सोलापुरात एमपीएससीचा अभ्यास करतोय. परवा अभ्यासिकेत वाद झाला. एकाचं म्हणणं, सरकारी माणसं काम करत नाहीत म्हणून एअर इंडिया बुडाली, विषय संपला. पण १९५३ ला राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर १९७८ पर्यंत जेआरडी टाटाच अध्यक्ष होते आणि कंपनीचं जगात नाव होतं. माणसं तेव्हाही सरकारी पगारावरच होती ना? मग बिघडलं कुठे? मुलाखतीत विचारलं तर दोन वाक्यांत काय सांगू?

मार्जिनमनी:
दोन वाक्यांत मावणार नाही, आधीच सांगतो. मी बँकेत कर्ज विभागात होतो. अक्कलकोट रोडचे यंत्रमागवाले माझे खातेदार. वीस मागांची फाईल घेऊन कुणी आला की पहिला प्रश्न एकच, "तुमचे स्वतःचे किती?" शून्य म्हणाला की चहा पाजून परत पाठवायचो.

आता एअर इंडियाची फाईल बघ. जानेवारी २००४ मध्ये कंपनीचा प्रस्ताव होता २८ विमानांचा. त्याच वर्षी विमान वाहतूक मंत्रालयाने फेरविचार करायला सांगितलं आणि नोव्हेंबरपर्यंत आकडा झाला ६८. देशातल्या उड्डाणांची दुसरी सरकारी कंपनी इंडियन एअरलाइन्स, तिची ४३ वेगळी. एकूण १११ विमानं, आणि पैसा? जवळजवळ सगळा कर्जाचा. मालक सरकार, ऑर्डरला मंजुरी सरकारची, हप्ता मात्र कंपनीच्या डोक्यावर. २०११ च्या अहवालात कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, नेमकं यावरच बोट ठेवलं. माझ्या टेबलावर ही फाईल आली असती तर मॅनेजरने मलाच घरी पाठवलं असतं.

विमानं यायला लागली तोवर २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र केल्या. एकीकडे बहुतेक बोइंग, दुसरीकडे एअरबस. पगार वेगळे, बढतीचे नियम वेगळे, सेवाज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या. हे जुळवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली, तिचा अहवाल आला २०१२ मध्ये! लग्न लावून पाच वर्षांनी पत्रिका बघण्याचा प्रकार. त्याच वर्षी वैमानिकांचा ५८ दिवसांचा संप झाला, तोही बोइंगच्या नव्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण कुठल्या जुन्या कंपनीच्या वैमानिकांना द्यायचं यावरून. तुझ्या मित्राला संप दिसतो, त्यामागचं विलीनीकरण दिसत नाही.

जुळे_सोलापूर:
एकतर्फी आहे हे. किंगफिशर तर खासगी होती, आपल्या होटगी रोडलाही तिचं विमान यायचं. तीही बुडालीच ना? आणि तिला कर्ज तुमच्याच बँकांनी दिलं होतं, तेव्हा "तुमचे स्वतःचे किती" कुणी विचारलं होतं का?

मार्जिनमनी:
टोमणा मान्य. खासगी असलं म्हणजे शहाणंच असतं असं नाही. पण फरक बघा. किंगफिशरची उड्डाणं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, तोटा तिथेच गोठला. एअर इंडियाला थांबायची सोयच नव्हती. २०१२ मध्येच सरकारने तिच्यासाठी सुमारे ३० हजार कोटींची योजना मंजूर केली, पैसा वर्षानुवर्षं येत राहिला आणि तरी ऑगस्ट २०२१ ला कर्ज होतं ६१,५६२ कोटी. कंपनी विकायला काढली तेव्हा टाटांनी बोली लावली १८,००० कोटींची. त्यातलं १५,३०० कोटी म्हणजे उचललेलं कर्ज, रोख फक्त २,७००. उरलेलं ४६ हजार कोटींहून जास्त कर्ज वेगळ्या सरकारी कंपनीच्या नावावर गेलं. म्हणजे कुणाच्या, ते सांगायला नको.

टूरवाला_सोलापूर:
श्रीलंकेचं उदाहरण घ्या, लहान आहे पण झणझणीत. श्रीलंकन एअरलाइन्स १९९८ पासून दुबईची एमिरेट्स चालवत होती, त्यांचा हिस्सा ४३ टक्क्यांच्या वर. २००७ च्या शेवटी राष्ट्राध्यक्ष राजपक्षे लंडनहून परतताना त्यांच्या लवाजम्यासाठी पैसे भरलेल्या प्रवाशांना उतरवायला कंपनीच्या प्रमुखाने नकार दिला. त्याचा कामाचा परवाना रद्द! २००८ मध्ये एमिरेट्सने व्यवस्थापन सोडलं. त्यानंतर ती कंपनी वर्षामागून वर्षं तोट्यात.

आपल्याकडचं म्हणाल तर सोलापूर विमानतळाच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली जून २०२३ ला आणि गोव्याचं विमान उडालं जून २०२५ ला. मधली दोन वर्षं आम्ही गिऱ्हाइकांना "पुढच्या महिन्यात" सांगत होतो.

सातरस्ता:
काय सांगलालाव काका! हे क्लासमध्ये कुणी सांगितलं नाही. पण आखाती विमान कंपन्यांना भारतातून प्रवासी न्यायला जादा आसनांची परवानगी दिली म्हणून एअर इंडिया बुडाली असंही वाचलंय. ते खरं का? आणि मुलाखतीत तेव्हाच्या विमान वाहतूक मंत्र्याचं नाव घ्यायचं का?

मार्जिनमनी:
जादा आसनं दिली हे खरं. दुबईला जाणाऱ्या विमानांतली आसनं भराभर वाढली, त्याचा मोठा फायदा एमिरेट्सला झाला. पण मुंबईहून दुबईमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्याला तिकीट स्वस्त पडत असेल तर त्याला दोष कसा द्यायचा? माझ्या मते हे तिसऱ्या नंबरचं कारण. लांब पल्ल्यासाठी कर्जाने आणलेली पाच बोइंग ७७७ विमानं पुढे अबुधाबीच्या एतिहाद कंपनीला विकावी लागली, ते जास्त बोलकं आहे.

नाव घेऊ नकोस. खरेदीला मंत्रिमंडळाची मंजुरी होती, तेवढं सांगितलंस की समोरच्याला कळतं. कॅगचा २०११ चा अहवाल फुकट मिळतो. विमान खरेदीचं प्रकरण आधी वाच, विलीनीकरणाचं नंतर.