भाचा दिवसभर अमेरिकन बंदुकांचे चॅनल बघतो, आता एअरगन पाहिजे म्हणतोय

सिंहगडरोडचा_मामा
मंडळी जरा सल्ला हवाय. भाचा १९ वर्षांचा, आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग करतोय. वर्षभर झालं यूट्यूबवर अमेरिकन गनवाल्यांचे व्हिडिओ बघायचं वेड लागलंय. आधी वाटलं गेमिंगचंच पुढचं खूळ असेल पण तसं नाहीये, पोरगं अभ्यास केल्यासारखं बघतं, जेवताना मामीला ब्लोबॅक आणि गॅस पिस्टनमधला फरक सांगतं आणि ती बिचारी आमटी वाढता वाढता हो हो म्हणते. इथवर ठीक होतं. आता सेकंड अमेंडमेंट (अमेरिकन संविधानातला बंदूक बाळगायचा हक्क) सुरू झालंय. भारतात पण बंदूक बाळगायचा हक्क पाहिजे, इंग्रजांनी तो काढून घेतला, गांधीजीसुद्धा हेच म्हणाले होते वगैरे. आणि ताजी मागणी म्हणजे ऑनलाइन एअरगन घ्यायची, तळजाईच्या टेकडीमागे बाटल्या उडवायच्या आणि स्वतःचं चॅनल काढायचं.
एअरगनला लायसन्स लागतं का? टेकडीवर शूट केलं तर चालतं का? आणि गांधींचं ते खरं आहे का? मोबाईल काढून घ्या हा सल्ला कृपया देऊ नका, त्याने काही होत नाही.

शिवाजीनगर_कोर्टवाला
एअरगनचं सोपं आहे. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे बोअर (नळीचं भोक) .१७७ इंच म्हणजे साडेचार एमएमच्या आत आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागतं. .२२ ची एअरगन दिसायला तशीच असते पण ती लायसन्सवाली, त्यामुळे ऑनलाइन घेताना नीट वाचा.
टेकडीचा विषय मात्र डोक्यातून काढून टाका. पुण्यात पोलीस आयुक्तांचा हत्यारं घेऊन फिरायला मनाईचा आदेश बहुतेक वेळा चालूच असतो, महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१), मोडला की १३५. पेपरात कोयतावाल्यांच्या बातम्यांत "आर्म अॅक्ट ४(२५) सह ३७(१)(३) सह १३५" वाचलं असेल, त्यातलंच हे शेपूट. लांबून बघणाऱ्याला ती एअरगन आहे हे कसं कळणार हो, कोणीतरी सकाळी फिरायला आलेला ११२ ला फोन लावणार. वर तिथे मोर आहेत, छर्रा लागला तर वन्यजीव कायदा, ते प्रकरण जामिनापर्यंत जातं.
आणि रील टाकणं म्हणजे आपणच आपला पुरावा अपलोड करणं. कोयत्याच्या रीलवरून पोरं उचलली जातात हे इथे नवीन नाही. अगदी लायसन्स असलं तरी सुटका नाही, जुलै २०२४ मध्ये मुळशीत शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवल्याचा जुना व्हिडिओ फिरला आणि अटक झाली, आठवतंय ना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात हवेत बार काढला तरी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

जुनी_मशिन
मी पण हे सगळं बघतो, वय ४१, भोसरीत टूलरूममध्ये आहे, अजून कोणाला गोळी घातलेली नाही 😄 सगळे चॅनल एका मापात मोजू नका एवढंच म्हणणं. इयन मॅक्कॉलमचं फरगॉटन वेपन्स बघा, माणूस जुनी बंदूक टेबलावर ठेवून एकेक पार्ट काढून दाखवतो, कुठला पेटंट कोणी चोरला ते सांगतो. मशिनिंगवाल्याला ती मेजवानी आहे. दुसरीकडे डिमोलिशन रँच, टेक्सासचा एक जनावरांचा डॉक्टर काय काय वस्तू उडवायचा, मजा होती पण शिकण्यासारखं कमी. ट्रम्पवर २०२४ ला गोळीबार करणाऱ्या पोराच्या अंगात याच चॅनलचा टी-शर्ट होता, चॅनलवाल्याचा त्यात काही संबंध नव्हता तरी बिचारा जगभर बातमीत.
तिसरा प्रकार म्हणजे बंदुकांचं राजकारण करणारे चॅनल, त्यांचा धंदा कसा चालतो ते खरं बघण्यासारखं. यूट्यूबने २०१८ मध्ये बंदुका विकणाऱ्या साइटच्या लिंका आणि बनवायच्या कृती बंद केल्या, २०२४ मध्ये घरी बनवलेल्या आणि ऑटोमॅटिकच्या व्हिडिओंना १८ वर्षांची अट लावली. जाहिरातीचे पैसे या लोकांना आधीच कमी, मग काडतूसवाले, होल्स्टरवाले स्पॉन्सर आणि टी-शर्टची विक्री. प्रेक्षक टिकवायला "ते आपलं सगळं काढून घेणार आहेत" हा सूर लागतोच. त्यातलाच एक चॅनलवाला ब्रँडन हेरेरा तर त्यातून थेट निवडणुकीत उतरला, २०२४ ला टेक्सासमध्ये चालू खासदाराकडून अगदी थोडक्यात हरला. भाच्याला विचारा व्हिडिओच्या मध्ये कोणाची जाहिरात येते, हुशार असेल तर बाकीचं त्याचं तो जोडेल.

ह्यूस्टनचा_सदाशिवपेठी
इथे राहून १४ वर्षं झाली म्हणून लिहितो. टेक्सासमध्ये २०२१ पासून बहुतेक २१ वर्षांवरच्यांना परमिटशिवाय पिस्तूल बाळगता येतं, खरंय. पण व्हिडिओत ती भडाभडा चालणारी मशीनगन दिसते ना, ती साधा माणूस दुकानातून घेऊ शकत नाही, मे १९८६ नंतर बनलेली नवीन सामान्य लोकांना विकायलाच बंदी आहे, जुन्या आहेत त्यांच्या किमतीत पिंपरीत वन बीएचके येईल. चॅनलवाल्यांकडे वेगळी लायसन्स असतात किंवा ते ओळखीच्या डीलरची वापरतात. भाचा उद्या एच-वन व्हिसावर नोकरीला इथे आला तर त्यालाच बंदूक घेता येणार नाही, शिकारीचं लायसन्स काढलं वगैरे तर अपवाद. आम्ही इथले देशी गंमत म्हणून रेंजवर जातो, भाड्याने घेतो, मारतो, घरी येतो.
एक गोष्ट मात्र कुठल्याच चॅनलवर दिसत नाही. २०२१ मध्ये इथे बंदुकीने ४८ हजारांहून जास्त लोक गेले, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. आमच्या गल्लीतलं एक घर त्यात आहे. जास्त लिहीत नाही.

टिळक_रोड_वाचक
गांधींचं वाक्य आहे, खोटं नाही. पण कुठलं आहे ते सांगितल्याशिवाय फिरवतात. १९१८ साली खेड्यात (गुजरातमधला खेडा जिल्हा) इंग्रजांच्या फौजेत भरती व्हा म्हणून त्यांनी पत्रक काढलं होतं त्यातलं. मुद्दा असा की शस्त्रबंदीचा कायदा हे इंग्रजांचं काळं कृत्य, तो उठवायचा आणि हत्यार शिकायचं तर फौजेत जा. राग १८७८ च्या कायद्यावर, कारण त्यात हिंदी माणसाला लायसन्स आणि गोऱ्याला सूट. तो राग रास्तच होता, १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने शस्त्र बाळगायचा हक्क लिहिलाही होता, नियमांच्या अधीन राहून.
मग डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत ह. वि. कामतांनी हाच हक्क मूलभूत हक्कांत घाला अशी दुरुस्ती आणली, आंबेडकरांनी विरोध केला आणि ती पडली. कलम १९ मध्ये आपल्याला मिळाला तो "शांततेने व विनाशस्त्र" जमायचा हक्क. म्हणजे भाचा विचारतोय तो प्रश्न इथे आधीच विचारून, वाद घालून, मत टाकून झालाय. त्याला ती चर्चा वाचायला द्या, अमेरिकन व्हिडिओंपेक्षा भारी भांडलेत लोक.

सिंहगडरोडचा_मामा
सगळ्यांचे आभार. कामतांचं त्याला सांगितलं, एकदम गप्प झाला, मग म्हणे कामतच बरोबर होते 🤦 असो. एअरगन घरात नको हे नक्की केलंय. शूटिंग क्लबात घातलं तर?

बालेवाडी_पालक
घालाच. माझी मुलगी १० मीटर एअर रायफल करते. बालेवाडीला शिवछत्रपती संकुलात रेंज आहे, स्वप्नील कुसळेची तयारी पण इथलीच, पॅरिस ऑलिम्पिकला ब्राँझ आणायच्या आधी तो पुणे रेल्वेत टीसी होता. फक्त आधीच सांगते, व्हिडिओ बघून आलेली पोरं टिकत नाहीत. सुरुवातीला छर्राच देत नाहीत, रायफल धरून नुसतं उभं राहायचं, श्वास सांभाळायचा, रिकामा ट्रिगर दाबायचा. पाठ भरून येते. तीन-चार आठवडे त्याने हे निमूट केलं तर फी पुढे भरा, नाहीतर भाड्याच्या रायफलवरच थांबा, स्वतःची घेऊ नका, फार महाग पडते. आणि चॅनलचं म्हणाल तर आमच्या क्लबात लेनवर मोबाईल चालत नाही, बॅगेतच ठेवावा लागतो. हे त्याला घरूनच सांगून आणा, कोच पहिल्याच दिवशी ओरडतात.