मदत हवी आहे: टायर बदलताना आतल्या प्रेशर सेन्सरचं काय करायचं?

मंडळी, नाशिकमधलं कोणी असेल तर जरा सांगा. गाडीचे चारही टायर बदलायला आलेत, साईडला बारीक चिरा पडल्यात आणि टायरवरचा तारखेचा कोड आहे २३१९, म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला माल, पावसात कसारा घाट उतरताना आता खरंच भीती वाटते.

अडचण अशी की गाडीला प्रेशर सेन्सर आहेत, ते एबीएसवरून (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) हवेचा अंदाज सांगणारे नाही, रिमच्या आत व्हॉल्व्हला लावलेले असतात ते. मुंबई नाक्याजवळ एका दुकानात विचारलं तर पोरगा म्हणाला, "काही होत नाही साहेब, नेहमीसारखे काढू." आणि लगेच टायर रिमपासून सोडवणाऱ्या मशीनचा फाळ बरोबर व्हॉल्व्हपाशीच टेकवला! मी म्हटलं थांब बाबा, गाडी घेऊन सरळ घरी आलो. तिथेच दाब दिला की सेन्सर तुटतो एवढं मला माहितीये.

आता प्रश्न असा, सेन्सरची बॅटरी ५ ते १० वर्षं चालते आणि ती सील असते, सुटी बदलता येत नाही, मग टायर उघडतोच आहोत तर चारही सेन्सर नवीन टाकावेत का नुसते व्हॉल्व्हचे रबर सील आणि नट बदलून भागेल? डावीकडचा मागचा अधूनमधून रीडिंगच देत नाही, नुसत्या रेघा दाखवतो. आणि नवे टाकले तर ते गाडीला ओळखवून देणारं स्कॅनर सर्व्हिस सेंटर सोडून अंबड, सातपूरकडे कोणाकडे आहे का? स्वतः करून घेतलं असेल त्यांनीच सांगा, खर्चासकट.